लेकरांस खरे सांगावे काय ?

मुलाच्या गळ्यात तुळशीची माळ घालताना त्याच्याकडून काही नेम घेतले जातात. एकादशी करावी, वारी चुकवू नये, मद्यमांस वर्ज्य करावे, परस्त्री मातेसमान मानावी, खोटे बोलू नये. हे नेम मुलाने पाळावेत म्हणून आईबाप डोळ्यांत तेल घालून जपतात. एकादशीच्या दिवशी पोराने चोरून भाकरी खाल्ली तर घरात केवढा गहजब होतो ! परंतु ‘खोटे बोलू नये’ हा नेम मुलाने आपल्याशी पाळावा अशी अपेक्षा धरणारे आपण, तोच नेम मुलाशी कितपत पाळतो, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. वाढत्या मुलाला घरातले, गावातले आणि देवाधर्मातले खरे सांगावे काय, आणि सांगावे तर कसे, हा प्रश्न आज वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

तीन वर्षांच्या लेकराला ‘झोप, नाही तर बागुलबुवा येईल’ म्हणून निजवतात, त्या थापेची ही गोष्ट नव्हे. ते लेकरू मोठे झाले की बागुलबुवा आपोआप जातो. प्रश्न आहे तो बारा-चौदा वर्षांच्या मुलाचा. त्याच्या ओठांवर मिसरूड फुटू लागलेले असते, किंवा ती मुलगी आईच्या खांद्याला लागलेली असते. अशा वयात मूल एखादा प्रश्न विचारते आणि बापाच्या हातातला घास हातातच राहतो. त्या क्षणी बाप काय बोलतो, यावर पुढची पुष्कळ वर्षे ठरत असतात.

आमचे वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले, सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. इथे मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर बोलली जाते. उन्हाळ्यात पाण्याची किंमत काय असते हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. ह्याच गावात अस्पृश्य गणलेल्या समाजाला सार्वजनिक पाण्यावर हात लावू देत नसत. तेव्हा त्या लोकांनी स्वतः घाम गाळून आपली वेगळी विहीर खोदली. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगास आले, त्यांनी त्या विहिरीचे पाणी शेंदले आणि ते प्यायले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा, हे पोरांना शाळेच्या पुस्तकातून कळते. त्यानंतर दहा वर्षांनी आपल्या गावातही पाण्याचाच प्रश्न होता, ही गोष्ट मात्र घराघरांतून सारखी सांगितली जात नाही.

एकदा हरिनाम सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर एक गृहस्थ आमच्यापाशी येऊन बसले. माळकरी, कष्टाळू, चार माणसांत मान असलेले. म्हणाले, “महाराज, पोरगं आठवीत हाय. परवा जेवताना विचारलं, ‘अप्पा, त्या लोकांनी वेगळी हीर का खणली ? गावात पाणी नव्हतं का ?’ मी म्हटलं, ‘पाणी कमी पडायचं, म्हणून खणली असंल.’ आता तुम्हीच सांगा. खरं सांगावं तर माझ्या आजोबांचा मान जातोय. आणि उद्या हातात टाळ धरून उभं राहायला पोराला लाज वाटली तर ?”

गृहस्थांच्या मनात कपट नव्हते. त्यांना दोन गोष्टी वाचवायच्या होत्या, वडीलधाऱ्यांचा मान आणि मुलाची श्रद्धा. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत आणि म्हणूनच शंका रास्त आहे. परंतु ‘पाणी कमी पडायचं’ ह्या तीन शब्दांनी त्या दोन गोष्टी वाचतात काय, ते बघितले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, हे असत्य फार दिवस टिकणारे नाही. ज्यांच्या पणज्यांनी ती विहीर खोदली त्या घरचे लेकरू ही कथा आजीच्या मांडीवर ऐकत वाढते. ते आणि ह्या गृहस्थांचे पोर शाळेत एकाच बाकावर बसतात. एकाच्या मनात एक वळसंग आहे, दुसऱ्याच्या मनात दुसरे. आज ना उद्या मधल्या सुट्टीत हे दोन गाव एकमेकांना भेटणारच. त्या दिवशी पोराला दोन गोष्टी एकदम कळतील. आपल्या माणसांनी माणसाला पाणी नाकारले, ही एक. आणि आपला बाप आपल्याशी खोटे बोलला, ही दुसरी. पहिली गोष्ट ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची आहे, तिचे दुःख पोर पचवील. दुसरी मात्र परवाची आहे.

दुसरी गोष्ट आजोबांच्या मानाची. आजोबांनी दुष्काळात घर धरून ठेवले असेल, दारी आलेल्या वारकऱ्याला भाकरी दिली असेल, आणि त्याच हातांनी विहिरीवर कोणाला अडवलेही असेल. माणूस असा दोन्ही असतो. ‘आजोबा माझे. त्यांनी केले ते हे चांगले आणि हे वाईट,’ एवढे मुलाला म्हणता आले पाहिजे. सगळे चांगलेच होते असे सांगून वाढवलेले मूल पुढे एक वाईट गोष्ट कळताच सगळेच टाकून देते. बापाने स्वतः सांगितले तर तो दोन्ही सांगू शकतो. बाहेरचा माणूस एकच सांगेल.

आता टाळाची लाज. इथे आम्हांला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. संतांच्या चरित्राकडे डोळे उघडे ठेवून पाहिले तर ही लाज वाटण्याचे कारण उरत नाही, कारण आपल्या संप्रदायाने हे दुःख लपवलेले नाही. पंढरीस गेल्यावर महाद्वारी नामदेव पायरी लागते आणि तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे. वारकरी तिथे माथा टेकून मगच आत जातो. मुलाला तिथे उभे करून विचारावे, ‘बाळा, एवढे थोर संत, मग यांची समाधी दाराबाहेर का ?’ उत्तर त्याचे त्यालाच सापडेल. चोखोबांच्या घरातल्या पाच जणांचे अभंग आपण गातो. चोखोबा, त्यांची पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळाबाई आणि मेहुणे बंका. त्यांतला कर्ममेळा हा त्या घरातला मुलगा. त्याने देवाला गोड शब्दांत आळवण्याऐवजी, आम्हांला हीन का केलेस, असा रोखठोक जाब विचारला आहे. तो अभंग उद्धट म्हणून कोणी गाथेतून काढून टाकला नाही. मुलाचा कडू प्रश्न ज्या संप्रदायाने सहा-सातशे वर्षे जपून ठेवला, त्या संप्रदायातल्या बापाने आपल्या मुलाच्या प्रश्नाला भ्यावे, हे बरे दिसत नाही.

पुढचेही सांगावे. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडले. विरोध झाला तो पंढरीतच झाला, आणि उपोषणाला जागा मिळाली तीही पंढरीतच, तनपुरे महाराजांच्या मठात. दोन्ही बाजूंना विठ्ठलाचे नाव घेणारी माणसे होती. अखेर मंदिर उघडले. पुढे २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ही सर्व हकीकत कळल्यावर मुलाला टाळाची लाज वाटणार नाही. टाळ हातात घेऊन कोणत्या बाजूला उभे राहावयाचे, हे मात्र त्याला ठरवावे लागेल. ते त्याने ठरवावे, हेच तर आपल्याला हवे आहे.

आमचे वाचक दोन्ही बाजूंच्या घरांतले आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी अपमान सोसला त्यांना मुलांशी काय बोलावे हे आम्ही शिकवण्याचे कारण नाही. ते आजवर खरेच सांगत आले आहेत. आमचे सांगणे आहे ते ज्यांच्या घरी ही गोष्ट सांगितलीच जात नाही त्यांना. आणि सांगताना ‘पूर्वी असे होते’ एवढ्यावर थांबू नये. आपल्या घरात कोणासाठी वेगळा कप फळीवर पालथा घातलेला नाही ना, हेही मुलासमोर बघावे. मुलाने तो कप आपल्या आधीच पाहिलेला असतो.

असो. गावाचे झाले. आता घराचे.

आमच्या भागात पाऊस बेभरवशाचा. ज्वारी-तुरीच्या पिकावर घर चालवणाऱ्याला कर्ज चुकत नाही. सोसायटीचे कर्ज, बँकेचे कर्ज, आणि नाइलाज झाला म्हणजे सावकाराचेही. पुष्कळ बाप हे ओझे एकट्याने वाहतात. पोराने सायकल मागितली तर ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतात आणि तो महिना येत नाही. पोर समजते, बापाचे आपल्यावर प्रेमच नाही. किती कर्ज आहे हे घरच्यांना बाप गेल्यावर, कागदाची पिशवी उघडल्यावर कळते, अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. वाचकहो, ह्याहून मोठे दुःख कोणते ? बापाने चार वर्षे आधी मुलाला शेजारी बसवून ‘एवढे देणे आहे, एवढे येणे आहे, यंदा हे जमणार नाही’ असे सांगितले असते, तर पोराने सायकलचा हट्ट सोडला असता, आणि बापाला जिवंतपणी एक सोबती मिळाला असता.

ह्यात लाज कसली ? तुकोबांचा संसार बुडाला, दिवाळे निघाले, १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात थोरली पत्नी अन्न अन्न करीत गेली. ह्यातले काहीही तुकोबांनी झाकून ठेवले नाही. संतांनी विचारले तेव्हा त्यांनी आपल्या तोंडाने ते अभंगांतून सांगितले. दिवाळे निघाल्याचे जगद्‌गुरूंनी सांगावे आणि आपण सोसायटीचा हप्ता थकल्याचे स्वतःच्या मुलापासून लपवावे, हे कसे ?

तिसरी गोष्ट देहाची. मुलगी वयात येते तेव्हा आई दोन शब्द कानात सांगते आणि बाकीचे ‘शिवू नको, तिकडे बस’ एवढ्यावर सोडते. मुलगी समजते की आपल्यात काही घाण आहे. मुलग्याला तर कोणी काहीच सांगत नाही. तो वाटेल तिथून शिकतो, आणि हल्ली मोबाइलमुळे ‘वाटेल तिथून’ ह्या शब्दांचा अर्थ आईबापांच्या कल्पनेपलीकडे गेला आहे. इथेही आपल्याला बाहेर जाण्याची गरज नाही. विटाळाचा प्रश्न सोयराबाईंनी थेट देवापुढे मांडला. देह जर विटाळातूनच जन्माला येतो तर निराळा शुद्ध कोण, असा त्यांच्या विचारण्याचा आशय आहे. एका आईने इतक्या वर्षांपूर्वी देवासमोर जे मोकळेपणाने म्हटले, ते आजच्या आईने लेकीला न्हाणीघराच्या दारात हळू आवाजात का सांगावे ? हे देहाचे धर्म आहेत, यात पाप नाही, कोणी अंगाला वाईट हेतूने हात लावला तर तो नात्यातला का असेना, आम्हांला येऊन सांग, आम्ही तुझ्यावर विश्वास ठेवू, एवढे मुलाला आणि मुलीला दोघांनाही साध्या शब्दांत सांगितले पाहिजे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती देवाची आहे. ‘माळ घाल, देव काही कमी पडू देणार नाही,’ असे आपण मुलांना सांगतो. मग घरात जवान माणूस जातो आणि पोर विचारते, “आपण वारी करतो ना ? मग आपल्याच घरात का ?” तेव्हा ‘देवाची इच्छा’ म्हणून त्याचे तोंड बंद करणे फार सोपे आहे. पण इथे पुन्हा चोखोबांकडे पाहावे. १३३८ साली आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली सापडून गेले. देवाने भिंत धरून ठेवली नाही. नामदेवराय तिथे गेले, त्यांनी अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारी समाधी दिली. भक्ताच्या अंगावर भिंत पडणार नाही, असे वचन आपल्या परंपरेने कोणाला दिलेले नाही. भिंतीखालचा माणूस विसरला जाणार नाही, त्याला शोधायला कोणीतरी जाईल, एवढे मात्र त्या कथेत आहे. पोराला हे सांगावे. आणि त्याउपर त्याने ‘पण का ?’ असे विचारले, तर ‘मला माहीत नाही रे बाळा’ असे म्हणावे. हेही खरे सांगणेच आहे. बापाला सर्व ठाऊक आहे असे वाटणाऱ्या पोराला, ठाऊक नसतानाही बाप रोज सकाळी काकडआरतीला उठतो, हे कळले तर त्याची श्रद्धा कमी होईल असे आम्हांला वाटत नाही.

आता शंका अशी येईल की, मग मनात येईल ते सर्व मुलाच्या कानात ओतावे काय ? मुळीच नव्हे. यासाठी आपण संत बहिणाबाईंकडे पाहू. वेरूळच्या परिसरात जन्मलेल्या, शिऊर येथे विसावलेल्या, तुकोबांच्या शिष्या. इ. स. १७०० मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांनी आपले जीवन आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगून ठेवले आहे आणि देह ठेवण्यापूर्वी मुलगा विठोबा याला जवळ बोलावून आपल्या पूर्वजन्मांची हकीकत सांगितली आहे. आईने मुलाला आपले आयुष्य उलगडून सांगावे, याचे एवढे जुने उदाहरण मराठीत दुसरे आम्ही पाहिले नाही. आत्मनिवेदनात त्या नवऱ्याने केलेला छळ, मारहाण लपवीत नाहीत. कीर्तनाला गेले म्हणून मार बसला, ब्राह्मणाच्या घरातल्या बाईने तुकोबांना गुरू मानले म्हणून नवरा संतापला, हे सर्व त्या सांगतात. पण कसे सांगतात ? नवऱ्याविषयी द्वेष पेरण्यासाठी नव्हे. त्यांच्या मनाची ओढाताण सांगतात, नवऱ्याचे पुढे पालटलेले मनही सांगतात. घडले ते घडले म्हणून सांगतात आणि तिथेच सोडतात.

त्यावरून आमच्या अल्प मतीस तीन कसोट्या सुचतात. पहिली, हे सांगणे मुलाच्या उपयोगाचे आहे की केवळ आपले मन हलके करण्याचे ? नवराबायकोच्या भांडणात दहा वर्षांच्या पोराला साक्षीला ओढणे, ‘तुझ्या बापाने माझे वाटोळे केले’ असे रोज ऐकवणे, हे सत्यकथन नव्हे. ते लहान खांद्यावर मोठे पोते टाकणे आहे. दुसरी कसोटी, हे गुपित आपले आहे की दुसऱ्याचे ? आत्याची, मावशीची, शेजारणीची गोष्ट तिच्या परवानगीवाचून सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. तिसरी, मुलाने विचारले आहे काय ? विचारले असेल तर उत्तर टाळू नये. वयाला पेलेल तेवढे सांगावे, पण जेवढे सांगावे तेवढे खरे असावे. ‘हे तुला आणखी दोन वर्षांनी सांगेन’ हे उत्तर प्रामाणिक आहे. ‘तसे काही नाही’ हे नाही. आणि दोन वर्षांनी सांगेन म्हटले तर दोन वर्षांनी आठवणीने सांगावे, कारण मूल ते विसरत नाही.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच म्हटले की, पोराला घेऊन एकदा त्या विहिरीवर जा. काठावर उभे राहून सांगा, ‘बाळा, परवा मी तुला पाणी कमी पडायचं म्हणालो, ते खरं नव्हतं. पाणी होतं. देत नव्हते. आपल्या घरचेही त्यांत होते. ते वाईट होतं. तू तसा वागू नकोस, आणि मी वागलो तर मला सांग.’ ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “शेवटचं वाक्य लई जड हाय, महाराज.” त्यांचे म्हणणे खरेच होते. मुलाला खरे सांगणारा बाप उद्या मुलाकडून खरे ऐकून घेण्यास बांधला जातो. अवघड असेल तर ते इतकेच अवघड आहे. गावाचे, कर्जाचे, देहाचे, देवाचे बोलणे जड जाते ते शब्द सापडत नाहीत म्हणून नव्हे. मूल उलट विचारील आणि आपल्याला बदलावे लागेल, ह्याची मनात भीती असते.

परंतु वारकऱ्याला हे अवघड वाटू नये. वारीत भेटलेले दोघे वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. कोण वडील, कोण धाकटा, कोण कुठल्या जातीचा, हे कोणी विचारीत नाही. आपल्यापेक्षा धाकट्यापुढे वाकण्याची सवय आपल्या देहाला आधीच लागलेली आहे. तीच घरात आणावयाची आहे, इतकेच. येत्या आषाढीस मुलाला बरोबर घेऊन चला. दिंडीत चालताना दोघांचेही डोळे वाटेकडे असतात, त्यामुळे समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते चालता चालता बोलता येते. पंढरी येईपर्यंत वाट लांब आहे आणि पोराजवळ प्रश्न पुष्कळ आहेत. त्याला विचारू द्या.

राम कृष्ण हरि.